1932 च्या फोर्डमध्ये 350 बसवताना हेडर घ्यावेत की बिडाचे मॅनिफोल्ड?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: 1932 च्या फोर्ड कूपेतले मूळचे फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेले जुने व्ही-8 इंजिन) काढून तिथे शेवरोलेचे 350 घनइंची स्मॉल ब्लॉक व्ही-8 बसवायचे आहे, स्टिअरिंगसाठी शेवरोलेच्या व्हेगा गाडीचा बॉक्स आणून ठेवला आहे, मडगार्ड आणि बॉनेटच्या बाजू तशाच ठेवायच्या आहेत, आणि ब्लॉकला बिलगून उतरणारे क्रोमचे हेडर (दर सिलिंडरला वेगळी नळी असलेली धुराची वाट), लांब नळ्यांचे हेडर व जुने बिडाचे मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारे ओतीव नळकांडे) यांपैकी कशाने जास्त ताकद मिळेल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. इंजिनाचे माउंट अजून पक्के वेल्ड केलेले नाहीत, असे आपण ओघात लिहिले आहे. मला ते वाक्य साऱ्या प्रश्नात सर्वांत मोलाचे वाटले, कारण एकदा माउंट पक्के झाले की एक्झॉस्टची निवड आपल्या हातात फारशी उरत नाही. ती निवड मग चासी आणि स्टिअरिंगच करतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. रॅम्स हॉर्न, म्हणजे मेंढ्याच्या शिंगांच्या आकाराच्या बिडाच्या मॅनिफोल्डची चांगल्या अवस्थेतली जोडी मिळाली, तर तीच घ्यावी. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाचा धूर खात वाढलो, त्यामुळे बिडाविषयी मला जरा जास्तच ममत्व आहे. पुढचे सगळे हा पूर्वग्रह लक्षात ठेवून वाचावे.

1932 ची चासी ज्या फ्लॅटहेड व्ही-8 साठी घडवली गेली, ते 221 घनइंचाचे आणि 65 अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि त्याचा धूर कसा व कुठून बाहेर काढायचा याचा विचार त्याच इंजिनाच्या मापाने झालेला होता. स्मॉल ब्लॉक आले 1955 मध्ये आणि त्याचे 350 घनइंची रूप 1967 मध्ये. त्यामुळे ते या बॉनेटखाली बसते खरे, पण पाहुणा म्हणून बसते. त्याचा स्टार्टर उजवीकडे मागे आणि तेलाचा फिल्टर डावीकडे मागे असतो, तर पेट्रोलचा यांत्रिक पंप उजवीकडे पुढे येतो. व्हेगाचा बॉक्स चासीच्या डाव्या रुळाला आतून लागतो आणि त्याचा दांडा 5 व 7 क्रमांकाच्या सिलिंडरांच्या बाजूने मागे जातो. या साऱ्यांच्या मधून जी वाट उरते, ती आपली एक्झॉस्टची वाट.

आता ताकदीचे पाहू, कारण आपण तेच विचारले आहे. लांब नळ्यांच्या हेडरचा फायदा खरा आहे. एका सिलिंडरचा धूर वेगाने बाहेर पडताना आपल्या मागे कमी दाबाची लाट सोडतो, आणि नळीची लांबी नीट जुळली असेल तर ती लाट पुढच्या सिलिंडरला रिकामे व्हायला मदत करते. परंतु स्मॉल ब्लॉकचा पेटण्याचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2 असा आहे. विषम क्रमांक डाव्या बाजूला आणि सम उजव्या बाजूला आहेत, हे ध्यानात घेऊन तो पुन्हा वाचा. डावीकडे 5 नंतर लगेच 7 पेटतो, उजवीकडे 8 नंतर लगेच 4. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन धक्के क्रँकच्या अवघ्या 90 अंशांच्या अंतराने एकामागोमाग येतात आणि बाकीच्यांत मोठा खंड पडतो. अमेरिकन व्ही-8 चा तो ओळखीचा घुमणारा, किंचित अडखळणारा आवाज यातूनच येतो. लांब नळ्या या धक्क्यांना एकमेकांपासून काही काळ दूर ठेवू शकतात. ब्लॉकला बिलगणाऱ्या हेडरच्या वीतभर नळ्यांना ते जमत नाही. म्हणून असे आखूड हेडर ‘हेडर’ म्हणून विकले जात असले, तरी सौम्य कॅमच्या (व्हॉल्व्ह बेताचेच उघडणाऱ्या दांड्याच्या), रस्त्यावर चालवायच्या 350 मध्ये त्यांच्याकडून अडीच इंची तोंडाच्या बिडाच्या मॅनिफोल्डपेक्षा फार काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. लांब नळ्यांचे हेडर मात्र या चासीत स्टिअरिंगचा दांडा, चासीचा मधला के-आकाराचा जोड आणि पायाखालची पेडले यांतून ओढत न्यावे लागतात. ज्या वेगाने इंजिन फिरवल्यावर त्यांचे चीज होईल, तितके आपण या गाडीत इंजिन फिरवणार आहात का, हे स्वतःला विचारावे.

लेकस्टर पद्धतीचे, बाहेरून मागे जाणारे हेडर आपण विचारात घेतलेले नाहीत, ते बरेच झाले. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर शर्यती लावणाऱ्यांची ती वारसदार चीज आहे. शर्यतीपुरते टोकावरचे झाकण काढायचे आणि परतताना लावायचे. मडगार्ड नसलेल्या गाडीलाच ती शोभते.

रॅम्स हॉर्नचे तोंड मधोमध सरळ खाली उतरते, त्याच्या दोन्ही कमानी मेंढ्याच्या शिंगांसारख्या वर चढतात, आणि त्यामुळे पुढचा-मागचा भाग, विशेषतः स्टिअरिंगचा दांडा आणि स्टार्टर, बराचसा मोकळा राहतो. दोन इंची आणि अडीच इंची अशा दोन्ही तोंडांची मॅनिफोल्ड मिळतात. आपल्याला अडीच इंचीच शोधायची आहेत. जुनी जोडी घेताना वायर ब्रशने गंज काढून कमानीच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का ते उन्हात धरून पाहावे, तोंडाचे तीनही स्टड निघतात का ते विकणाऱ्यासमोरच तपासावे, आणि हेडला टेकणाऱ्या पृष्ठभागावर पोलादी पट्टी धरून खालून प्रकाश येतो का ते बघावे. थोडा बाक असेल तर मशीनवर पृष्ठभाग घासून घेता येतो. चीर असेल तर घेऊ नये. डावे आणि उजवे मॅनिफोल्ड एकाच साच्याचे असलेच पाहिजे असेही नाही. एका बाजूला जागा कमी पडली, तर तिथे वेगळ्या आकाराचे बसवायला काहीच हरकत नाही.

यानंतरही आखूड हेडरच घ्यायचे ठरले, तर फ्लँज (हेडला टेकणारी पट्टी) निदान तीन अष्टमांश इंच जाडीचा असावा, कारण पातळ फ्लँज तापून वाकतो आणि मग गॅस्केट दर उन्हाळ्यात फुंकले जाते. साध्या 350 ला 1⅝ इंची नळ्या पुरेशा आहेत. आपली हेड तिरप्या प्लगांची आहेत की सरळ, हे हेडर मागवण्यापूर्वी पाहावे. क्रोमवर काही आठवड्यांतच निळी-पिवळी झाक येते. आतून-बाहेरून सिरॅमिकचा थर दिलेले हेडर दिसायला मवाळ असले तरी बॉनेटखालची उष्णता कमी करतात. नळ्यांना कापडी पट्टी गुंडाळण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. साध्या पोलादाच्या नळ्यांवर ती ओल धरून ठेवते आणि आतल्या आत गंज चढवते.

उष्णतेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ती माझ्या अंगाशी आली आहे. माझ्या 1931 च्या मॉडेल ए मध्ये 350 बसवून देणाऱ्या गॅरेजने क्रोमचे आखूड हेडर लावले होते, आणि डाव्या कलेक्टरनंतरचा (नळ्या जिथे एकत्र येतात त्या तोंडानंतरचा) पाइप जमिनीखालच्या ब्रेक मास्टर सिलिंडरपासून जेमतेम दीड इंचावरून नेला होता. ओहायोतल्या जुलै महिन्यात एका जत्रेहून परतताना वीस मिनिटे वाहनांच्या रांगेत अडकलो, आणि रांग सुटल्यावर पहिल्याच सिग्नलला ब्रेकचे पेडल जमिनीला टेकले. हातब्रेकवर गाडी कडेला घेतली. पाऊण तासाने पेडल आपोआप पूर्ववत झाले, तेव्हा कारण उमगले: ब्रेकचे ऑइल उकळून त्याची वाफ झाली होती, आणि वाफ दाबली जाते. डॉट 3 या दर्जाचे ताजे ब्रेक ऑइल निदान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये अशी अट आहे, पण ओल शोषलेल्या ऑइलासाठी ती मर्यादा 140 अंशांवर येते. आपल्या 1932 मध्येही मास्टर सिलिंडर जमिनीखालीच असेल, तर पाइप आणि त्याच्यात निदान तीन-चार इंच अंतर ठेवावे आणि मधे पत्र्याचा आडोसा द्यावा. स्टार्टरच्या बाबतीतही हेच आहे. तापलेले इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी तो फिरेनासा होतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हेडर कुठून गेला आहे ते पाहावे. गिअर असलेला छोटा स्टार्टर आकाराने लहान असतो, त्यामुळे थोडी हवा खेळती राहते.

आपल्या मित्राने सुचवल्याप्रमाणे पुढे कधी शेवरोलेचे नव्या पिढीतले एलएस इंजिन घ्यायचे झाले, तर यातले काहीही त्याला लागणार नाही. स्मॉल ब्लॉकच्या मधल्या दोन एक्झॉस्ट वाटा शेजारी-शेजारी असतात, तर एलएसच्या चारही सारख्या अंतरावर. शिवाय ऑक्सिजन सेन्सरसाठी जागा ठेवावी लागते, आणि तो सेन्सर आडव्या रेषेच्या वरच्या बाजूला बसवावा, म्हणजे पाइपात साचलेले पाणी त्यात उतरत नाही.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन माउंटवर वेल्डिंगचे नुसते टाके मारून बसवा, स्टिअरिंगचा दांडा जोडा, आणि दुकानातून दोन इंची म्हणून मिळणारा पीव्हीसी पाइप आणा. त्याचा बाहेरचा व्यास 2.375 इंच असतो, म्हणजे अडीच इंची एक्झॉस्टपेक्षा फक्त अष्टमांश इंच कमी. मॅनिफोल्डच्या तोंडापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत त्याचे तुकडे तारेने बांधत न्या, आणि मग चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून, क्लच आणि ब्रेक दाबून पाहा. अडलेच, तर इंजिन अर्धा-पाऊण इंच उजवीकडे सरकवून बघावे. जुन्या मंडळींनी हे कित्येकदा केले आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र गिअरबॉक्सची शेपटीही तेवढीच सरकली पाहिजे, नाहीतर प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचे कोन बिघडतात.

5 आणि 7 क्रमांकाच्या प्लगांपासून स्टिअरिंगच्या दांड्यापर्यंतचे अंतर मोजून मला कळवा. दीड इंचाच्या आत असेल, तर डाव्या बाजूसाठी कोणता आकार शोधावा हे त्यावरून सांगता येईल.