यादी लागायची आहे आणि घास उतरत नाही

पत्र: ‘मी १९ वर्षांची. बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन नीट (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा) दिली, पण मार्क सरकारी एमबीबीएसच्या आसपासही नाहीत. बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीत ८९ पर्सेंटाइल आलेत, आम्ही ओबीसी. कॅपची (केंद्रीकृत प्रवेशप्रक्रियेची) यादी लागायची आहे. दिवसातून पन्नासदा पोर्टल उघडते. उघडताना छातीत धडधडतं, मळमळतं, परवा उलटीच झाली. रात्री दोन-तीनपर्यंत झोप नाही. पप्पा यंत्रमागावर आहेत. ते म्हणतात, नर्स कशाला, अजून एकदा नीट दे. आई काहीच बोलत नाही. माझ्या मैत्रिणीला ९४ आले, तिचा फोन मी उचलत नाही. कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये. काय करू?’
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

अगं, ‘सकाळी उठूच नये’ हे तू शेवटी, जाता जाता लिहिलंस. उत्तराची सुरुवात तिथूनच करायला हवी. या वाक्याचे दोन अर्थ असू शकतात. एक, मी इतकी दमलेय की कुणी उठवू नये. दुसरा, मला जगायचंच नाही. तुझ्या मनात कोणता अर्थ आहे हे तुलाच ठाऊक. दुसरा असेल, किंवा नक्की सांगता येत नसेल, तर यादीची वाट पाहू नकोस. आजच आईला हेच शब्द सांग. तोंडानं निघत नसतील तर हे पत्र तिच्या हातात दे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. जीवाला काही करून घेण्याचा विचार घोळत असेल तर त्या रात्री एकटी झोपू नकोस, आणि गरज पडली तर ११२ लाव. दोन आठवडे जेवण-झोप अशीच राहिली, तर जगण्याबद्दल असा विचार मनात नसला तरी डॉक्टरांना दाखवच.

आता ती उलटी. पोट बिघडलं म्हणून ती झाली असं दिसत नाही, कारण ती पोर्टल उघडतानाच होते. धोका दिसला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढतं, रक्त हातापायांकडे वळतं आणि पचन मंदावतं, म्हणून मळमळतं. तुझ्या मेंदूनं पोर्टलचं ते पानच धोक्याच्या यादीत टाकलंय. पन्नासदा उघडून भीती कमी होत नाही, उलट मुरते. ‘अजून काही नाही’ असं दिसलं की दोन मिनिटं सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या दोन मिनिटांसाठी हात पुन्हा फोनकडे जातो.

म्हणून दिवसातून दोनदाच बघायचं, सकाळी ११ आणि संध्याकाळी ७. मधल्या वेळेत लॉगआउट. सीईटी सेल, म्हणजे या परीक्षा आणि प्रवेश बघणारी राज्याची यंत्रणा, वेळापत्रक आधी जाहीर करतं. यादी त्या तारखेच्या पुढे ढकलली जाते, हे बऱ्याचदा होतं, पण त्या तारखेच्या आधी लागत नाही. तेव्हा वेळापत्रकातल्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही, आणि ज्या दिवसापुढे काही नाही त्या दिवशी फक्त सूचनांचं पान बघ. उघडण्याआधी काहीतरी खा, दूध-भाकरी चालेल. रिकाम्या पोटी चहा पिऊन बसलीस तर मळमळ वाढेल. मग पाच मिनिटं श्वास: चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. बाहेर सोडायचा श्वास लांब हवा, कारण तेव्हाच हृदयाची गती खाली येते. घाबरलेली माणसं जोरजोरात खोल श्वास ओढतात, त्यानं चक्कर येते आणि भीती वाढते.

झोपेसाठी आधी उठायची वेळ बांध. रात्री कितीलाही डोळा लागो, सकाळी साडेसहाला उठायचं आणि दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपायचं नाही. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात, त्यामुळे शेवटचा चहा चारच्या आत. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर अंथरुणात तळमळू नकोस. उठून मंद उजेडात एखादं कंटाळवाणं काम कर आणि पेंग आली की परत आडवी हो. शेजारचे माग रात्रपाळीला चालू असतील तर कानात कापूस घाल. तुमच्या भागात ही अडचण नवी नाही.

पण श्वासाचे व्यायाम सांगून हे पत्र मिटवलं तर ते अर्धंच होईल. या दिवसांतला निम्मा ताण मनाचा नसतोच, तो न घेतलेल्या निर्णयांचा आणि न तपासलेल्या कागदांचा असतो. ते दोन्ही यादीच्या आधी हातावेगळे करता येतात.

पर्सेंटाइलचं आधी. ८९ पर्सेंटाइल म्हणजे ८९ टक्के मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण ८९ टक्के मुलं तुझ्याबरोबर किंवा तुझ्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्यातली बरीच कॅपला अर्जच करत नाहीत, काही एमबीबीएस-बीएएमएसकडे जातात. टेलिग्रामवरचे ‘एक्स्पेक्टेड कटऑफ’ गेल्या वर्षीच्या आकड्यांवर बेतलेले असतात. कटऑफ प्रवर्ग, फेरी, जागा आणि अर्ज यांवर हलतो, आणि गेल्या वर्षीची शेवटची फेरी बघतोय की पहिली, हे सांगायची तसदी कुणी घेत नाही. ते ग्रुप आजच म्यूट कर. तुला हवा तो आकडा मेरिट लिस्टमधल्या तुझ्या क्रमांकाचा, आणि तो फक्त सीईटी सेलच देतं.

पसंतीक्रमात मुलं सगळ्यात जास्त चुकतात. संगणक मेरिटनुसार एकेकाला घेतो. तुझा नंबर आला की तुझी पहिली पसंती बघतो. तिथे तुला लागू असलेली जागा शिल्लक असेल तर ती देतो, नसेल तर दुसरी, मग तिसरी. म्हणजे वर ‘अशक्य’ कॉलेज टाकल्यानं खालच्या कॉलेजातली तुझी संधी तसूभरही कमी होत नाही. ‘मिळणारं वर, आवडतं खाली’ असा घाबरट क्रम लावलास तर मात्र आवडतं मिळत असूनही हातचं जातं. हव्या त्या क्रमानं भर. जिथे खरोखर जायचं नाही ते कॉलेज भरूच नकोस. पहिलीच पसंती मिळाली आणि घेतली नाही तर काय होतं, तो नियम या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत वाचून ठेव.

दुसऱ्या फेरीचं कलम त्याहून निसरडं. हातात जागा असताना पुढच्या फेरीत उतरलीस आणि नवी जागा मिळाली, की जुनी आपोआप रद्द होते. मागून परत मिळत नाही. म्हणून तेव्हा फक्त हातातल्यापेक्षा चांगली कॉलेजं भरायची. समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा, फॉर्म देऊन थांबायचं.

चांगलं कॉलेज म्हणजे काय? नर्सिंगमध्ये इमारतीपेक्षा रुग्णालय बघायचं. बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं, पण खाटा असणं वेगळं आणि त्यावर पेशंट असणं वेगळं. सध्या शिकणाऱ्या मुलीला गाठून विचार: वॉर्ड भरलेले असतात का, प्रसूती विभाग चालतो का, की ड्युटीला रोज बसनं दुसरीकडे नेतात? इंडियन नर्सिंग कौन्सिल, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि नाशिकचं आरोग्य विद्यापीठ, तिन्हीकडची मान्यता त्यांच्या संकेतस्थळांवर तपास. मग घरापासूनचं अंतर. लातूर, पुणे, सांगली यांतलं काय झेपेल, हॉस्टेल-मेसचा खर्च किती, हे आत्ताच घरात बोलून घ्या. यादी लागल्यावर रिपोर्टिंगला, म्हणजे कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायला, मोजके दिवस मिळतात.

कागद. एक दिवस यासाठीच राखून ठेव. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का बघ. वडिलांच्या नावातला एखादा ‘राव’ किंवा ‘अप्पा’ इथेच आडवा येतो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत हवी. गेल्या वर्षी ड्रॉपच्या धांदलीत काढलेलं असेल तर ते कदाचित यंदाच्या मार्चमध्येच संपलंय. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का? फक्त अर्जाची पावती असेल तर ती चालेल असं गृहीत धरू नकोस, माहिती पुस्तिका बघ आणि जिल्हा पडताळणी समितीत जाऊन फाइल कुठे आहे ते विचार. वैधता वेळेत नाही आली तर आरक्षित जागा जाते आणि खुल्यातून विचार होतो, तेव्हा हा कागद सगळ्यांत आधी. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. शिवाय तुझं एक वर्ष मोकळं गेलंय, त्यामुळे गॅपचं प्रतिज्ञापत्र. सगळं आधी नीट स्कॅन कर, कारण मूळ कागद एकदा कॉलेजात जमा झाले की परत मिळेपर्यंत वेळ जातो. झेरॉक्सचे चार संच.

फॉर्म नेट कॅफेत भरलास का? मग पोर्टलवर मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघ. कॅफेवाल्याचा असेल तर ऐन वेळी ओटीपी त्याच्याकडे आणि तू दुकानाबाहेर. फी भरताना पैसे कटले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नकोस, आधी ‘पेमेंट स्टेटस’ बघ. कॉलेजनं डीडी मागितला असेल तर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते, हेही लक्षात असू दे.

या दिवसांत ‘सीट करून देतो’ असे फोन येतील. उचलू नका. कॅपबाहेरच्या जागेवर फी सवलत जाते, आणि ती तुझ्यासाठी मोठी आहे. २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हॉस्टेल, मेस, गणवेश त्यात येत नाहीत. अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटाही येत नाहीत.

आता पप्पा. ‘नर्स कशाला’ यात तुच्छता असेलच असं नाही. त्यांना बहुधा माहिती नाही. भांडू नकोस, आकडे ठेव. चार वर्षं, आठ सेमिस्टर. त्यानंतर कौन्सिलची नोंदणी. पुढे एम्ससाठी नॉरसेट ही परीक्षा देता येते, आणि तिथल्या नर्सिंग ऑफिसरचं सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. परीक्षा अवघड आहे, हेही त्यांना सांग, नाहीतर चार वर्षांनी तेच तुला ऐकवलं जाईल.

नीट पुन्हा द्यायची का, याचं उत्तर तुझ्या सराव परीक्षांच्या वहीत आहे. शेवटच्या आठ-दहा पूर्ण पेपरांत मार्क चढत होते आणि फक्त परीक्षेच्या दिवशी घसरले, तर दुसऱ्या ड्रॉपचा विचार निदान होऊ शकतो. आकडा सहा महिने जागचा हलला नसेल, तर त्याच पद्धतीनं आणखी एक वर्ष घालवून तो हलणार नाही. ते वर्ष देऊ नये असं आमचं स्पष्ट मत. आणि ‘नर्सिंग करता करता नीट’ हा मधला मार्ग म्हणून कुणी सुचवला तर नको म्हण. पहिल्याच सेमिस्टरला शरीररचना आणि शरीरक्रिया आहे, ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवीआधी वॉर्डातले तास तर शंभर टक्के भरावे लागतात. दोन्हीकडे अर्धी राहशील.

हे बोलणं रविवारी कर. ते पाळीवरून दमून आल्या आल्या नको. आईलाही बसव. ती बोलत नाही म्हणजे तिला मत नाही असं नव्हे. ‘आई, तुला काय वाटतं?’ असं पप्पांसमोर सरळ विचार.

मैत्रिणीला आज मेसेज टाक: ‘मार्कांचं नको बोलूया, दाखल्यांसाठी सेतू केंद्रात जायचंय, येतेस का?’ तिचंही नॉन-क्रिमीलेअर तपासायचं राहिलेलं असू शकतं.