मणक्याला मार लागलेल्या भावासाठी मेंदूचा मॅग्नेट उपचार घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीत परांचीवरून पडून भावाच्या मानेला सी-६ ला, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला, मार बसला, आठ महिने झाले, आणि आता एक क्लिनिक ‘डोक्याला मॅग्नेट लावू, दोन महिन्यांत चालेल’ म्हणून पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ मागतंय. मी पुण्यातच न्यूरो फिजिओथेरपी करते. माझं म्हणणं स्पष्ट आहे: आत्ता पैसे भरू नका, आधी भावाची आसिया तपासणी, म्हणजे मज्जारज्जूची इजा किती आहे ते ठरवणारी तपासणी, नीट करून घ्या.

या तपासणीत हातपायांची ताकद तर बघतातच, शिवाय गुदद्वाराजवळ टोचलेलं कळतं का, आत बोटाचा दाब जाणवतो का, तिथला स्नायू आवळता येतो का, हेही बघावं लागतं. संकोचापायी नेमकं हेच राहून जातं. तिथे काहीच नसेल तर ग्रेड ए, म्हणजे पूर्ण इजा. थोडंही असेल तर मज्जारज्जूतले काही तंतू शाबूत आहेत, आणि मॅग्नेटची सगळी भिस्त त्या उरलेल्या तंतूंवर असते.

उपचार थोतांड नाही. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी कवटीबाहेरून चुंबकीय झटका देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले. डोक्यावर कॉइल, म्हणजे झटका देणारं तारेचं वेटोळं, धरली की ‘टक्’ असा आवाज येतो आणि पेशंटने काहीही न करता त्याचा अंगठा उडतो. स्नायूवर इलेक्ट्रोड लावलेले असतील तर स्क्रीनवर लाट उमटते. मार लागलेल्या माणसात ती लाट बारीक आणि उशिरा आली, तरी मला आनंद होतो, कारण मेंदूचा निरोप खाली पोचतोय. असे झटके ठरावीक वेगाने परत परत दिले की त्या वाटेवरची उत्तेजना काही काळ वाढते. त्या काळात व्यायाम झाला तर उपयोग. झटके घेऊन रिक्षाने घरी येऊन पडून राहिलं, तर फारसं काही हाती लागत नाही.

चालण्याचं वचन मला खटकतं, त्याला कारण आहे. हाताचा भाग मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असतो, पायाचा भाग दोन अर्धगोलांच्या मधल्या खाचेत खोल. साधी कॉइल तिथवर नीट पोचत नाही, वेगळी लागते. अभ्यासही बहुतेक लहान आहेत. काहींमध्ये हाताचं काम सुधारलं, काहींमध्ये पायांचा ताठरपणा कमी झाला. चालण्याबद्दल खात्रीने सांगावं असं काही नाही. शिवाय पहिल्या वर्षात शरीर आपणहूनही सुधारत असतं, त्याचं श्रेय मशीनला जायला नको.

म्हणून भावासाठी मी आधी हात बघेन. चमचा धरता येणं, व्हीलचेअरचं चाक स्वतः ढकलणं, लघवीची नळी (कॅथेटर) स्वतः घालता येणं, यातलं एक जरी जमलं तरी आईची रात्रीची झोप परत येते.

कधी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात ऐकू येण्यासाठी बसवलेलं कॉक्लियर इम्प्लांट असेल, पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. मानेतल्या टायटॅनियमच्या स्क्रू-प्लेटची सहसा अडचण येत नाही, तरी सांगाच. ताठरपणासाठीची बॅक्लोफेन गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, ते एकदम थांबवलं की फिट येऊ शकते.

क्लिनिकला विचारा की झटक्यांनंतर लगेच व्यायाम कोण घेणार, आणि पकडीची ताकद सुरुवातीला मोजून लेखी देणार का. ग्रेड कळला की इथेच लिहा, हातासाठी कोणते व्यायाम लगेच सुरू करता येतील ते सांगते.