कागद हातात आल्याशिवाय नाही

सातारा, रविवार रात्र

प्रिय पोरी,

तुझा मेसेज तीनदा वाचला. शनिवारी संध्याकाळी मोटारींच्या रॅलीतून आपल्या सहचालकाने स्वतःच्या घड्याळावरची वेळ पाठवली. तू लगेच 'पहिल्या दिवसअखेर आपला संघ आघाडीवर' अशी पोस्ट टाकलीस, एमआयडीसीतल्या प्रायोजकांनी ती सगळ्या ग्रुपवर फिरवली, आणि रात्री निकालाचा कागद लागला तेव्हा आपण तिसरे. आता विचारतेस, हे काम मला जमणारं आहे का? आणि माझं काम नक्की कोणतं, पोस्ट टाकणं की खोल्या-जेवण-गाड्या बघणं? पहिल्याचं उत्तर तुझं तुला माहीत आहे, ते माझ्याकडून काढून घेऊ नकोस. दुसऱ्याचं सांगतो. दोन्ही मिळून एकच काम आहे, आणि त्याचा नियमही एकच: कागद हातात आल्याशिवाय शब्द सोडायचा नाही.

झालं काय, ते नीट बघ. स्टेजवर, म्हणजे रस्ता बंद करून घड्याळ लावलेल्या टप्प्यावर, तुमची गाडी खरंच सात सेकंदांनी पुढे होती. पण स्टेज संपली म्हणून रॅली थांबत नाही. तिथून पुढच्या टाइम कंट्रोलपर्यंत, म्हणजे वेळ नोंदवायच्या चौकीपर्यंत, साध्या रहदारीच्या रस्त्याने जायचं आणि ठरल्या मिनिटाला टाइम कार्ड द्यायचं. १०:१४ ला सुटलेल्या गाडीला ३२ मिनिटं दिलेली असली, तर १०:४६ हे तिचं मिनिट. १०:४९ ला कार्ड दिलं की उशिराच्या दर मिनिटाला १० सेकंद, म्हणजे ३० सेकंद दंड. आणि १०:४५ लाच दिलं तर आणखी वाईट, कारण लवकर आल्याचा दंड मिनिटाला पूर्ण १ मिनिट. तुमची तीन मिनिटं चाक बदलण्यात गेली. सहचालकाला ते माहीत होतं, त्याने लिहिलं नाही, तू विचारलं नाहीस. यापुढे त्याला दोन प्रश्न विचारायचे: स्टेजची वेळ किती, आणि कंट्रोलला कार्डावर किती वाजल्याची नोंद पडली? जमलं तर कार्डाचा फोटोच मागायचा.

त्यानंतरही थांबायचं. अधिकृत सूचना फलकावर तात्पुरता निकाल लागतो, त्यावर लागल्याची वेळ लिहिलेली असते. तिथून ३० मिनिटं हरकतीची. ती गेली आणि अंतिम निकालावर सह्या झाल्या, की 'जिंकलो' म्हण. मधल्या वेळेत लिहावंच लागलं तर 'तात्पुरत्या निकालानुसार' हे दोन शब्द वाक्याच्या सुरुवातीला हवेत, कंसात किंवा शेवटी नव्हे. बाकीचे संघ धूळ खाली बसायच्या आत पोस्ट टाकतात, असं तू म्हणशील. टाकू देत. तू त्यांच्या पगारावर नाहीस.

पेपरवाल्यांचं वेगळं आहे. आपल्याकडे रॅली म्हटलं की झेंडे लावलेल्या मोटारसायकली डोळ्यांपुढे येतात, नाहीतर प्रचाराची मिरवणूक. बातमीत पहिल्याच ओळीत 'मोटारींची रॅली स्पर्धा' लिही, आणि दुसऱ्या ओळीत स्पर्धा कशी असते ते. बैलगाडा शर्यत सगळ्यांना माहीत आहे, तिचा आधार घे: आपल्या भागात गाड्या शेजारी शेजारी सुटतात आणि जो पुढे तो जिंकतो. रॅलीत गाड्या एक किंवा दोन मिनिटांच्या अंतराने एकामागून एक सुटतात, प्रत्येकीची लढत घड्याळाशी, आणि सगळ्या स्टेजच्या वेळा आणि दंड यांची बेरीज सर्वांत कमी ज्याची तो पहिला. एवढं समजलं की वार्ताहर 'शर्यतीत सर्वांना मागे टाकले' असं लिहीत नाही. मजकूर दीडशे ते दोनशे शब्द, ईमेलच्या अंगातच युनिकोडमध्ये, पीडीएफ नको. त्यातून त्यांना मजकूर उचलता येत नाही, मग ते पुन्हा टाइप करतात आणि नावं चुकतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि सहचालकाचं नाव चालकाच्या बरोबरीने. पेसनोट्स, म्हणजे पुढच्या वळणांच्या नोंदी, चालकाला वाचून दाखवणारा माणूस बातमीतून गाळणं हे मला अजिबात खपत नाही.

वार्ताहर किंवा फोटोग्राफर स्टेजवर न्यायचा असेल, तर आयोजकांकडून त्याचं मीडिया जाकीट आणि सही केलेला जबाबदारीचा फॉर्म आधी. रस्ता बंद व्हायच्या आत आत शिरायचं आणि सगळ्यांच्या मागून रस्ता मोकळा झाल्याचं बघत येणारी स्वीपर गाडी जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही. म्हणजे तीन-चार तास, रेंज नाही, सावली नाही. दोन लिटर पाणी आणि चपाती-भाजीचा डबा त्याच्या हातात दे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, चुकलेली गाडी तिकडेच जाते. फ्लाइंग फिनिशपाशीही, म्हणजे स्टेजचं घड्याळ थांबतं त्या रेषेपाशीही, नाही. तिथून गाडी पूर्ण वेगात जाते आणि स्टॉपचा फलक १५० ते ३०० मीटर पुढे असतो, त्या पट्ट्यात तिला थांबायची परवानगीच नसते. मुलाखत घ्यायची तर स्टॉपच्या पुढे, कार्डावर वेळ पडल्यावर.

आता ज्याबद्दल तू विचारलं नाहीस ते. अपघात. गाडी अडकली पण दोघे ठीक असतील, तर ते मागून येणाऱ्या गाडीला 'ओके'चा फलक दाखवतात. मदत हवी असेल तर 'एसओएस'चा. लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागे. हे सगळं तुझ्यापर्यंत तुकड्या-तुकड्यात येईल, बहुतेक बघ्यांच्या व्हिडिओतून. तेव्हा काहीही टाकायचं नाही. 'दोघेही सुखरूप' हेही नाही. ते डॉक्टरने सांगायचं असतं. पहिला फोन घरी, तोही क्लार्क ऑफ द कोर्सकडून, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य अधिकाऱ्याकडून, खात्री झाल्यावर. त्यासाठी प्रत्येक चालक-सहचालकाच्या घरचे दोन-दोन नंबर आणि रक्तगट कागदावर लिहून तुझ्या खिशात असायला हवेत. फोनमध्ये ठेवलेस तर बॅटरी नेमकी तेव्हाच जाते. २०१९ मध्ये राजस्थानात राष्ट्रीय मालिकेच्या रॅलीत बंद केलेल्या स्टेजवर मोटारसायकल आली आणि एका घरातली तीन माणसं गेली. ते लक्षात ठेवून गावात माहिती द्यायला जा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं पत्रक पुरत नाही. मंदिराच्या भोंग्यावरून आदल्या संध्याकाळी आणि त्याच सकाळी, दूध संकलनाच्या वेळी डेअरीवर, आणि शाळेत. ज्यांच्या शेताची वाट त्या रस्त्याला लागते, त्या प्रत्येक घरी स्वतः.

हे मी इतकं ताणून का सांगतो? या हट्टापायी मला लोक सावकाश म्हणाले, आडमुठा म्हणाले, दोन प्रायोजक कंटाळून गेलेही. हा हट्ट मी आधीपासून धरायला हवा होता, एवढीच माझी खंत आहे. धरला त्याची नाही.

चाळकेवाडीच्या पठारावर प्रायोजकांना गाडी दाखवायचा कार्यक्रम करतेस, छान. तिथे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, वारं मंडप उचलून नेतं. मंडपाच्या प्रत्येक पायाला २० लिटरचा पाण्याचा भरलेला जार बांध, विटा नकोत, त्या घसरतात. फ्लेक्सऐवजी जाळीचं कापड छापून घे, दर दोन फुटांवर रिंग. गाडीखाली ताडपत्री, अग्निशामक दोन, आणि इंधन भरायची जागा पाहुण्यांच्या खुर्च्यांपासून दूर. पठारावरचा रस्ता खासगी असेल तर मालकाचं लेखी पत्र, सार्वजनिक असेल तर पोलिसांची लेखी परवानगी. शिवाय ग्रामपंचायतीचं पत्र आणि रुग्णवाहिकेचं. सरपंच फोनवर 'या, काही हरकत नाही' म्हणाले, हे पत्र नव्हे. पुन्हा तेच: कागद. आणि कोणी कितीही म्हटलं तरी फोटोसाठी गाडी कासच्या सड्यावर न्यायची नाही. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि चाकाखाली गेलेली फुलं आपल्या संघाच्या नावावर लागतील.

शनिवारच्या पोस्टचं म्हणशील तर ती गुपचूप काढू नकोस. खाली दुरुस्ती लिही: कंट्रोलवरच्या उशिराचे ३० सेकंद धरून दिवसअखेर तिसरे, आधीची माहिती निकालापूर्वीची होती. प्रायोजकांना उद्या सकाळी दहाच्या आत तू स्वतः फोन कर, मॅनेजरला करायला सांगू नकोस.

चाळकेवाडीचे फलक बुधवारी छपाईला जाणार ना? त्याआधी दोन्ही चालकांची आणि सहचालकांची नावं त्यांच्या परवान्यावर आहेत तशी उतरवून मला पाठव. परवान्याचा फोटोही. नुसती टाइप केलेली यादी नको.

काका