तालुक्याच्या गावात राहून एएची मीटिंग कशी शोधायची? ओळखीचं कुणी भेटलं तर?

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री क्वार्टर लागते, कधी त्याहून जास्त. सकाळी हात थरथरतात. नोकरीमुळे महिनाभर भरती होणं जमत नाही, मीटिंगला जावं तर गावभर होईल, आणि मिसेस कुठलीशी पावडर मागवायचं म्हणतायत. मी स्वतः एएमधला, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेतला. काही वर्षं झाली, प्यायलेलो नाही. नाव सांगणार नाही, आमच्याकडे तशीच रीत आहे.

आधी त्या थरथरीचं बघा. शरीराला दारूची इतकी सवय झालेला माणूस एकदम बंद करतो, तेव्हा पहिल्या दोनेक दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून मीटिंगच्या आधी डॉक्टर. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात असे पेशंट रोज येतात, तिथे तुमच्याकडे वळूनही कुणी बघणार नाही. किती पिता ते खरं सांगा, अर्धं करून सांगू नका (आपण सगळे अर्धंच सांगतो). काही दिवसांच्या गोळ्यांवर भागेल की थोडे दिवस भरती व्हावं लागेल, ते डॉक्टर ठरवतील. मीटिंगला कुणी औषधांबद्दल शहाणपण शिकवायला लागलं तर सोडून द्या, ते आमचं काम नव्हे.

आता पत्ता. एएच्या भारताच्या वेबसाइटवर ग्रुप आणि फोन नंबर मिळतात. पण यादीवर विसंबून थेट जाऊ नका. आमचे ग्रुप पालिकेच्या शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, कुठे कुठे दवाखान्याच्या खोलीत भरतात. शाळेत परीक्षा लागली की जागा बदलते, यादी तशीच राहते. आधी फोन करा. पलीकडे बहुतेक वेळा दारू सोडलेलाच माणूस असतो, त्यामुळे प्रस्तावना लागत नाही. ‘पहिल्यांदाच यायचंय’ एवढं म्हणा. बरेचदा तोच म्हणेल, स्टँडवर उतरा, न्यायला येतो. फोन लागला नाही तर 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर आहे. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातही विचारा, त्यासाठी भरती व्हावं लागत नाही. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालू आहे, त्यांच्या पाठपुराव्याच्या बैठका पुण्याबाहेरही होतात. काहीच जवळ नसेल तर झूमवरच्या मराठी-हिंदी मीटिंग आहेत. सुरुवातीला त्या चालतील, पण समोरासमोर बसण्याची सर त्यांना नाही.

ओळखीच्या माणसाची भीती मात्र खरी आहे. मुंबई-पुण्यात हा प्रश्न पडत नाही, छोट्या गावात पडतो. फोनवर ‘क्लोज्ड मीटिंग कधी असते’ असं विचारून घ्या. तिथे फक्त दारूचा त्रास असलेलेच येतात, ओपनला बाहेरचेही बसू शकतात. क्लोज्डला तुमच्या शाळेचे गुरुजी दिसलेच, तर तेही तुमच्याच कारणासाठी आलेले असणार, आणि तुम्हाला बघून तेच आधी दचकतील. तिथलं तिथेच ठेवायचं, हे आमच्यात फार कसोशीने पाळतात. तरीही मन धजत नसेल तर खुशाल शेजारच्या तालुक्याला जा. एसटीचा तासभर प्रवास, कुणी विचारलं तर काम होतं म्हणायचं. कित्येक जण वर्षानुवर्षं असेच परगावच्या ग्रुपला जातात. आणि खरं सांगू? तुम्ही पिता हे गावाला कधीच ठाऊक झालेलं असतं.

आत गेल्यावर फार काही घडत नाही. लहान मुलांच्या बाकांवर पाच-पंधरा माणसं. एकेक जण नाव सांगतो, ‘मी मद्यपी’ म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. मधे कुणी बोलत नाही, उलटतपासणी नाही. तुम्ही नुसतं ऐकलं तरी चालतं. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी डबा फिरतो, त्यात दहा-वीस रुपये टाका किंवा पुढे सरकवा. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट. परमेश्वराचा उल्लेख येतो आणि शेवटी प्रार्थना असते, पण चर्चचा हॉल असला तरी ती फक्त जागा, धर्माशी संबंध नाही. माझ्या ग्रुपमध्ये दोन पक्के नास्तिक आहेत, प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहतात.

पहिला ग्रुप पटला नाही तर एएच पटलं नाही असं ठरवू नका. एखाद्या ग्रुपमध्ये एकच जुना मेंबर अर्धा तास भाषण ठोकतो, मलाही कंटाळा येतो. दोन-तीन ग्रुप बघा. ज्याचं बोलणं आपलंच वाटेल त्याचा नंबर घ्या आणि संध्याकाळी, क्वार्टरच्या वेळेला, त्याला फोन लावा. पुढे तोच तुमचा स्पॉन्सर, म्हणजे दारूपासून दूर राहायला सोबत करणारा जुना मेंबर, होईल कदाचित.

राहिली पावडर. ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ वाल्यांच्या पुड्यांत काय असतं ते लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर दारू प्यायलात, तर उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं. माणूस दगावूही शकतो. हेच औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून आणि तपासून. मिसेसना हे उत्तर वाचायला द्या. घरच्यांसाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे ग्रुप असतात. एएला फोन कराल तेव्हा त्यांचाही नंबर मागून घ्या. तुम्ही मीटिंगला गेलात की नाही याची वाट न बघता त्या जाऊ शकतात.