चरबीचीच गाठ आहे, पण पुढे काही झालं तर?

सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी चरबीची गाठ म्हणजे लायपोमा असल्याचं सांगितलं, काळजीचं कारण नाही असंही सांगितलं. मी समुपदेशक. तरी माणूस माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसतो आणि विचारतो, "पण ताई, पुढे तिचा कॅन्सर झाला तर?" जळगाव, धुळे, पाचोरा, शिरपूर, कुठूनही आलेला असो, प्रश्न हाच. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जिभाऊ अमळनेर तालुक्यातले, कपाशीवाले. वय पन्नाशीच्या आसपास. उजव्या खांद्यावर पुढच्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ, बोटाखाली सरकणारी, न दुखणारी. जळगावची सोनोग्राफी झाली, मग धुळ्याची, मग नाशिकला एमआरआय. तिन्ही ठिकाणी निदान एकच. पहिल्या रिपोर्टवर ते दोन महिने निवांत झोपले, दुसऱ्यावर पंधरा दिवस, एमआरआयवर जेमतेम चार रात्री.

"मन्हं मन मानस नही," ते म्हणाले. त्यांच्या मंडळी शेजारी बसल्या होत्या. "हे रात्री उठून आरशासमोर उभे राहतात. मला उठवतात, बघ वाढली का. मी म्हणते नाही वाढली. तासाभराने परत तेच."

मी बालपणात शिरून कारणं शोधणाऱ्या पंथातली नाही. माणूस दिवसभर काय करतो ते आधी बघते, भीतीची मुळं बहुतेकदा तिथेच सापडतात. जिभाऊ गाठ सारखी दाबून बघत. दाबून दाबून ती जागा हुळहुळी झाली. मग ते दुखणंच नवा पुरावा ठरलं, "आधी दुखत नव्हती, आता दुखते."

एवढी भीती कशाची, हे दुसऱ्या भेटीत कळलं. साडू तोंडाच्या कॅन्सरने गेले होते. "त्यालाही आधी साधा फोडच सांगितला होता."

"कोणी सांगितला?"

"मेडिकलवाल्याने. मलम दिलं."

"आत काय आहे ते कुणी बघितलं होतं?"

"नाही."

"तुमच्या गाठीचं?"

जिभाऊ गप्प झाले. मी लगेच काही बोलले नाही. नवख्या समुपदेशकांना मी हेच सांगते, अशा वेळी मधे शब्द टाकू नका. शेवटी तेच म्हणाले, "मन्ही तर मशीनवर बघेल शे."

तरी 'बघितलं म्हणजे काय बघितलं' हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मी डॉक्टर नाही, म्हणून प्रश्न कागदावर लिहून देऊन त्यांना सर्जनकडे परत पाठवलं. नवी तपासणी करायची नाही, फक्त विचारून यायचं. ते उत्तरं पाठ करूनच आले. सोनोग्राफीत गाठ कातडीखाली, स्नायूच्या वर, लांबट आणि आडवी दिसते. आत बारीक रेषा असतात आणि रक्तप्रवाह जवळपास नसतो. एमआरआयमध्ये चरबीचा उजळपणा मुद्दाम घालवता येतो. तसं केल्यावर कातडीखालची नेहमीची चरबी काळी पडते. जिभाऊंची गाठही तिच्याबरोबर सगळीच्या सगळी काळी पडली, म्हणजे आत चरबीशिवाय दुसरं काही नाही. शंका कधी येते? आतले पडदे २ मिलिमीटरपेक्षा जाड असले किंवा चरबी नसलेला गोळा दिसला तर. मग सुईने तुकडा काढून तपासतात. "सुई लावली की पसरतो" या गावगप्पांपायी ती तपासणी टाळू नये. मात्र ती कुठे करायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.

खरी गाठ सुटली ती वहीमुळे. पुढच्या खेपेला मंडळींनी पिशवीतून खतांच्या हिशोबाची वही काढून माझ्यापुढे ठेवली. मागच्या पानांवर तारखा आणि मापं: ४, ४.५, ४, ४.८. रोज रात्री सुतळीने मोजून जिभाऊ लिहीत. आकडा वाढला की झोप उडायची.

मी खणातली टेप दिली. म्हटलं, "मोजा." हात मांडीवर होता, माप आलं ४. "आता हात खुर्चीवर टेकवा." साडेचार. "आता वर करा." ३.८.

"दहा मिनिटांत गाठ वाढली आणि कमीही झाली का, जिभाऊ?"

त्यांनी टेपकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि मोठ्याने हसले. "मंग ह्या वहीमा हातच लिखेल शे, गाठ नही!"

इतक्या वर्षांत मी पुष्कळ धीराची वाक्यं बोलले असेन, पण माणसाने स्वतःच्या हाताने काढलेल्या मापाची सर त्यांना नाही. चरबीची गाठ मऊ असते. हात हलला, स्नायू ताणला, बोट जरा जोरात लागलं की माप बदलतं. आणि धीर मागण्याचंही कंदासारखंच आहे. लावलेला कंद रोज उकरून बघितला तर तो रुजत नाही. दर वेळी "नाही हो वाढली" ऐकून जिभाऊंना तासभर बरं वाटे आणि पुढचा तास जास्त अवघड जाई. आणखी एक सोनोग्राफी मी कुणालाही सुचवत नाही ती यासाठीच.

म्हणून दोघांनाही काम दिलं. वही बंद. दाबावंसं वाटलं तर संध्याकाळच्या जेवणापर्यंत थांबायचं. मंडळींनी उत्तर द्यायचं नाही. हे त्यांना मुळीच पटलं नाही. "माणूस घाबरलाय आणि उत्तर द्यायचं नाही, हे कसलं औषध?" म्हटलं, "एवढंच म्हणा, ताईंनी बंदी केलीय, चला जेवायला." पहिले काही दिवस घरात चिडचिड झाली. मग संध्याकाळी आठवणच होईना.

पहारा उठवायचा तर धोक्याच्या खुणा माहीत हव्यात, नाहीतर मन ऐकत नाही. गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी, काही महिन्यांत भराभर वाढणारी, कडक, सरकत नसलेली, न दाबताही दुखणारी, स्नायूच्या आत खोलवर, किंवा काढल्यावर परत आलेली. यातलं एकही असेल तर डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नको. लहान मुलाच्या कमरेवर मणक्याच्या मधोमध गाठ असेल तर तिचा हिशोब वेगळा, ती दाखवावीच लागते. स्तनातल्या गाठीला तर या लेखातलं काहीच लागू नाही. ती आजच दाखवा.

बाकी चुना-हळदीचा लेप, तेलाची मालीश, उपास यांनी लायपोमा विरघळत नाही. वजन उतरलं तरी ती उतरत नाही. त्रास नसेल तर राहू द्यावी. काढायची तर बहुतेकदा जागा बधिर करून, आवरणासकट काढतात, मग ती क्वचितच परत येते.

जिभाऊंनी काढायचं ठरवलं तेव्हा मी कारण विचारलं. भीतीपोटी काढलेली गाठ जाते, पण भीती महिनाभरात शरीरात दुसरी जागा शोधते, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. ते म्हणाले, "फवारणीच्या पंपाचा पट्टा बरोबर तिथेच घासतो." हे कारण मला पटलं.

ऑपरेशन झालं. काढलेली गाठ रीतीप्रमाणे तपासणीला गेली. रिपोर्ट यायच्या आतच जिभाऊंचा फोन आला. मी सावध झाले. रिपोर्टचं नावही नाही. "ताई, पंप कधीपासून पाठीवर घेऊ? कपाशीवर मावा पडलाय."

म्हटलं, "ते सर्जनला विचारा. तोवर पोराला पाठवा फवारायला."