आपले प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : मेंदूतील गाठ आणि जागेपणी होणारी शस्त्रक्रिया

प्रश्न : माझे पती ४१ वर्षांचे असून माध्यमिक शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकवतात. काही आठवड्यांपूर्वी त्यांना वर्गातच फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, वाचेच्या केंद्राजवळ गाठ दिसली. ती ‘लो ग्रेड ग्लायोमा’ (मेंदूतील हळू वाढणारी गाठ) असावी, असे डॉक्टरांचे मत आहे. रुग्णाला जागे ठेवून शस्त्रक्रिया करावी लागेल, असे ते म्हणतात. घरातील वडीलधारी मंडळी मात्र म्हणतात, की मेंदूला हात लावला की माणूस कायमचा अधू होतो, त्यापेक्षा गोळ्यांवर ठेवा. जागेपणी हे सारे सहन तरी कसे होणार?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : आपली भीती स्वाभाविक आहे, म्हणून आधी वेदनेविषयी. मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना जाणवत नाही. ती जाणवते डोक्याच्या त्वचेला आणि मेंदूवरील जाड आवरणाला, आणि हे दोन्ही भाग इंजेक्शन देऊन बधिर केले जातात. बहुतेक ठिकाणी कवटी उघडेपर्यंत रुग्णाला झोपवतात, महत्त्वाच्या टप्प्यावर भूलतज्ज्ञ त्याला जागे करतात आणि ते काम संपले की पुन्हा गुंगी देतात.

जागे करण्याचे कारण असे, की वाचेचे केंद्र पुस्तकातल्या आकृतीत दाखवतात तिथेच प्रत्येकाच्या मेंदूत असेल, याची खात्री नसते. अमेरिकेतील सिएटल येथे जॉर्ज ओजेमन यांनी ११७ रुग्णांच्या मेंदूची अशी तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात भाषेच्या जागा माणसागणिक बदलतात, हे स्पष्ट दिसले. गाठीमुळे त्या आणखी सरकलेल्या असू शकतात. मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य वीजप्रवाह देऊन असा नकाशा काढण्याची पद्धत माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच रुजवली होती.

प्रत्यक्षात काय घडते, ते सांगतो. रुग्ण कुशीवर असतो आणि डोळ्यांसमोरच्या पडद्यावर एकामागून एक चित्रे येतात. ‘हे घड्याळ आहे’, ‘ही छत्री आहे’, असे त्याने बोलत राहायचे असते. सर्जन त्याच वेळी काही मिलिअँपिअरचा प्रवाह एकेका बिंदूला देतात. एखाद्या बिंदूवर रुग्ण ‘ही... ही...’ म्हणून अडखळतो. छत्री ओळखू येते, पण शब्द सापडत नाही. प्रवाह काढताच शब्द परत येतो. तीच जागा पुन्हा तपासून तिथे आकडा लिहिलेला छोटा कागद ठेवतात, आणि त्या जागेला धक्का न लावता गाठ काढली जाते. या प्रवाहाने फिट आलीच, तर मेंदूवर बर्फासारखे थंड सलाइन सोडून ती थांबवतात. त्याची तयारी आधीच केलेली असते.

अधू होण्याच्या भीतीविषयी सॅन फ्रान्सिस्को येथील २५० रुग्णांचा अभ्यास सांगण्यासारखा आहे. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभराने ५६ जणांची वाचा आधीपेक्षा बिघडलेली होती, पण त्यांपैकी ५२ जणांची सहा महिन्यांत पूर्ववत झाली. कायमचा दोष चौघांना राहिला. धोका शून्य नाही, आणि पहिले काही दिवस शब्द अडला तर घरच्यांनी घाबरून जाऊ नये, एवढे यातून कळते. गोळ्यांविषयी म्हणाल, तर त्या फिट आटोक्यात ठेवतात, गाठ नव्हे. नॉर्वेतील दोन रुग्णालयांची तुलना २०१२ मध्ये समोर आली : एकात बायोप्सी करून वाट पाहण्याकडे कल होता, दुसऱ्यात लवकर गाठ काढण्याकडे. दुसऱ्या ठिकाणचे रुग्ण अधिक काळ जगले.

आपल्याला एक आग्रहाने सांगतो. चाचणी मराठीत झाली पाहिजे, आणि आपले पती इंग्रजीही शिकवत असल्यामुळे ती दोन्ही भाषांत व्हावी; कारण दोन भाषांच्या जागा काही अंशी वेगळ्या असू शकतात, हे ओजेमन यांनीच १९७८ मध्ये दाखवले होते. शस्त्रक्रियेच्या आधी चित्रांचा सराव घेतला जातो. त्या वेळी आपण सोबत बसा. घरात ज्या वस्तूला जो शब्द वापरता तो सांगा, आणि एखादे चित्र ओळखीचे नसेल तर ते बदलून मागा. ऐन वेळी शब्द अडला तर तो वीजप्रवाहामुळे अडला की मुळातच माहीत नव्हता, याबद्दल सर्जनच्या मनात शंका राहता कामा नये. तोवर फिटची एकही गोळी चुकवू देऊ नका आणि त्यांना दुचाकी चालवू देऊ नका.

प्रश्न : वडिलांची (वय ६२) गाठ पूर्ण काढली, असे सर्जननी सांगितले. रिपोर्टमध्ये ‘ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४’ आहे. गाठच उरली नाही, तर रेडिएशन आणि केमो कशासाठी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘पूर्ण काढली’ याचा अर्थ, एमआरआयवर दिसणारा भाग निघाला. ग्लायोब्लास्टोमा ही वेगाने वाढणारी गाठ आहे आणि तिच्या पेशी निरोगी दिसणाऱ्या मेंदूतही दूरवर पसरलेल्या असतात. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनी, ज्यांची एक बाजू आधीच लुळी पडली होती अशा रुग्णांचा उजवा अर्धा मेंदू काढून पाहिला आणि १९२८ मध्ये त्याची माहिती दिली. तरीही हा आजार मुळापासून गेला नाही. म्हणून पुढचे उपचार अपरिहार्य ठरतात.

हा आजार सहसा कायमचा बरा होत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण उपचारांनी फरक पडतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनंतर सुमारे १० टक्के रुग्ण हयात होते, तर सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या दिलेल्या गटात सुमारे २६ टक्के. रेडिएशन साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस असते.

आयडीएच आणि एमजीएमटी या गाठीच्या पेशींतील जनुकांच्या तपासण्यांचे निकाल आले आहेत का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार प्रौढांमध्ये आयडीएच जनुकात बदल असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत, आणि टेमोझोलोमाइडचा उपयोग किती होईल, याचा अंदाज एमजीएमटीवरून येतो. या तपासण्या आपल्या शहरात होत नसतील, तर काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड्स पॅथॉलॉजी विभागातून मागून घेऊन मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात दाखवता येतात. ब्लॉक उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नका, मेण वितळते.