केनियातून कायमचं परतताना सहकाऱ्यांचा निरोप कसा घ्यावा? ऑफिसातली पार्टी पुरेशी आहे का?

पार्टी होईलच, तिची काळजी तुम्हाला करायची नाही. निरोप मात्र तेवढ्यात उरकत नाही.

मी सांगलीकडचा. किसुमूच्या बाजूला एका साखर कारखान्यात सहा वर्षं केमिस्ट होतो. आपल्याकडे हंगाम संपला की तोडणीच्या टोळ्या गाड्या भरून निघतात, निरोपाला आपोआप एक दिवस मिळतो. तिकडे विषुववृत्ताजवळ ऊस वर्षभर गाळतात, मधे देखभालीपुरता कारखाना थांबतो तेवढाच. मी निघालो त्या दिवशीही मिल चालूच होती. पॅनवरच्या (रस आटवून साखर बनवायच्या भांड्यावरच्या) माणसाने हात पुसून माझ्या हातात दिला आणि परत काचेवर दाणा बघायला वळला.

पार्टीत आधी प्रार्थना, मग भाषणं. ‘दोनच शब्द’ म्हणून उठलेला माणूस वीस मिनिटं खाली बसत नाही. घड्याळ बघू नका. तुमची पाळी येईल तेव्हासाठी चार वाक्यं किस्वाहिलीत पाठ करून ठेवा. आमच्या भागात लुओ बोलतात, म्हणून मी शेवटी ‘एरोकामानो’ म्हणजे आभार एवढंच त्यांच्या भाषेत म्हटलं, तर मागच्या रांगेतल्या बायका उठून नाचायलाच लागल्या.

खरा निरोप घरी जाऊन घ्यायचा. त्यासाठी निदान तीन आठवडे हाताशी ठेवा, कारण कुठेही चहावर सुटका नाही, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि मासा खाऊनच उठावं लागतं. तुम्ही निघालात की घरचे दारातून हात हलवत नाहीत, बरोबर चालत येतात, मोठ्या रस्त्यापर्यंत, मटाटू, म्हणजे तिकडची वडाप, मिळेपर्यंत. याला ‘कुसिंदिकिझा’ म्हणतात. (आपल्याकडे ‘पोचवून आलो’ म्हटलं की भलताच अर्थ निघतो, पण जुनी माणसं पाहुण्याला वेशीपर्यंत घालवायला जात, ते हेच.) मी सुरुवातीची दोन वर्षं ‘कशाला त्रास’ म्हणून लोकांना दारातच थांबवायचो. शेवटी एका फिटरने विचारलं, ‘आमच्याकडे काही चुकतं का?’ तेव्हा कुठे उजेड पडला. कंपनीची गाडी असली तरी ती पुढे पाठवा आणि चाला.

एका घरी निघताना पाय बांधलेली जिवंत कोंबडी हातात दिली. विमानात नेता येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण नाही म्हणायची सोय नाही. मी घेतली, दुसऱ्या दिवशी कोल्हापुरी तांबडा रस्सा केला आणि देणाऱ्यालाच जेवायला बोलावलं. घाम पुसत जेवला बिचारा.

सामानाचं लवकर ठरवा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात एकाच गादीला पाच मालक निघतात. घरी कामाला येणाऱ्या बाईंना काही विकत देऊ नका, तसंच द्या, आणि बरोबर सहीची चिठ्ठी द्या. कॉलनीच्या फाटकावर कुकर घेऊन निघालेल्या बाईला आधी चोरच समजतात. त्यांचे पैसे चुकते करून कामाचा लेखी दाखलाही द्या, पुढचं घर मिळवताना तो कुकरपेक्षा जास्त उपयोगी पडतो. स्वतःसाठी एकच: यलो फीवरचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. भारतात उतरल्यावर ते मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

आणि ‘येतो’ म्हणू नका. ‘क्वाहेरी’ म्हणा, त्यातला ‘हेरी’ आणि आपला ‘खैर’ दोन्ही अरबीतूनच आलेत. मी सवयीने फाटकावरच्या आस्कारीला, म्हणजे पहारेकऱ्याला, ‘नाकुजा’ म्हणालो, म्हणजे शब्दशः ‘येतो’. तिकडे त्याचा अर्थ, हा आलोच पाच मिनिटांत. त्याने मान हलवली आणि फाटक उघडंच ठेवलं. ड्रायव्हरने काच खाली करून त्याला खरं काय ते सांगितलं. मग त्याने फाटक ओढून घेतलं आणि उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेकडेने, आमच्या गाडीला हात लावून, हायवेपर्यंत चालत आला.